वार बघून निघावं

शुक्रवारी रात्री साडेनऊला मेहुणा घरी आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, "दाजी, उद्या सकाळी निघू. रविवारी वेरूळ, देवगिरी, म्हैसमाळ. सोमवारी सुट्टीच आहे, अजिंठा उरकू."

दोन हजार वर्षांपूर्वी खोदायला घेतलेली लेणी हा माणूस 'उरकतो'. एरवी याच्या भरवशावर मी कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंतसुद्धा जात नाही. पण त्या दिवशी ऑफिसात डोकं पार पिकलं होतं, बाहेर श्रावणसर चालू होती आणि पानात गरम थालीपीठ होतं. अशा अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो.

आई तेवढी म्हणाली, "वार बघितलास का? शनिवारी पूर्वेला दिशाशूळ असतो. सोमवारीही असतो."

"आई, संभाजीनगर ईशान्येला आहे," मी मोबाइलवरचा नकाशा तिच्यापुढे धरला.

"ईशान्येत अर्धी पूर्वच की," ती म्हणाली आणि पिशवी भरायला उठली. श्रावणात घृष्णेश्वर घडणार म्हटल्यावर दिशाशुळाचंही काही चाललं नाही.

सहाला निघायचं होतं, साडेआठला निघालो. वाघोली ओलांडेपर्यंत दहा वाजून गेले. पुढे गाड्या, मागे गाड्या, प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेत उशा, चटया आणि एक वैतागलेलं मूल. अख्ख्या पुण्याला आदल्या रात्री साडेनऊला मेहुणा भेटलेला दिसत होता.

राहायचं कुठे, हा प्रश्न मेहुण्याने "बघू तिथे गेल्यावर" या सदरात टाकून ठेवला होता. नेवासा फाट्यापर्यंत मोबाइलवर बघितलं. खोल्या शिल्लक नाहीत. जिथे शिल्लक होत्या तिथला आकडा बघून बायकोने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. शेवटी संध्याकाळी वाळूजच्या अलीकडे एका चहावाल्याला आमची दया आली. "लॉज नाही भेटायचं आज. मंगल कार्यालय बघा एखादं. चातुर्मास आहे, लग्नं कुठायत?"

हे एवढं साधं आम्हा चौघा पदवीधरांना सुचलं नव्हतं.

कार्यालय खरोखरच रिकामं होतं. आई आणि बायको 'वधूपक्ष' अशी पाटी असलेल्या खोलीत. मी, मेहुणा आणि मुलगा 'वरपक्ष'मध्ये. गाद्यांची छताला टेकलेली थप्पी, तिला गेल्या उन्हाळ्यातल्या अत्तराचा आणि जिलबीच्या तुपाचा वास. वधूपक्षाच्या आरशावर कडेने पंधरा-वीस टिकल्या चिकटवलेल्या. लाल, मरून, एक हिऱ्याची. त्यातली हिऱ्याची कुणाची असेल, यावर आई आणि बायकोचं रात्री बराच वेळ चाललं होतं. सासू-सुनेचं इतकं एकमत मी त्यांच्यात आजवर पाहिलेलं नाही. वरपक्षात मेहुण्याच्या घोरण्याचा ताशा पहाटेपर्यंत वाजला.

सकाळी व्यवस्थापकाने पावती फाडली. त्याच्या पावतीपुस्तकात छापील रकाने तीनच होते: लग्न, मुंज, साखरपुडा. त्याने थोडा विचार केला आणि आम्हाला 'साखरपुडा' मध्ये टाकून कंसात 'लहान' असं लिहिलं. मुलाने विचारलं, "बाबा, कोणाचा?" मेहुणा लग्नाचा आहे, त्यामुळे विषय वाढवला नाही.

वेरूळचा रस्ता देवगिरीच्या जुन्या तटाच्या वेशीतून जातो. ही वेस हत्ती-घोड्यांच्या मापाची. तिच्यात समोरून एक एसटी आणि आमच्या बाजूने एक ट्रॅव्हल्सची बस एकाच वेळी शिरली आणि दोघांनीही मागे यायला नकार दिला. शत्रूला रोखायला बांधलेला किल्ला अजून कामावर आहे, हे बघून इतिहासाबद्दल आदर वाढला. तासभर तिथे उभं राहून मी मुहम्मद तुघलकाचा विचार करत होतो. त्याच्या डोक्यात आलं आणि १३२७ साली त्याने राजधानी दिल्लीहून इथे आणली. माणसं, सामानसुमान, सगळं. काही वर्षांनी सगळ्यांना परत घेऊन गेला. शाळेत आम्ही त्याला वेडा मोहम्मद म्हणायचो. पण त्याच्याही दरबारात एखादा मेहुणा असणारच. किल्ला चढायचं राहिलं ते राहिलंच. वेस सुटेस्तोवर घड्याळात अकरा वाजले होते आणि मेहुण्याने "देवगिरी झालं" असं जाहीर करून टाकलं होतं.

वेरूळला चौतीस लेणी आहेत. आम्ही पाचव्यापर्यंत पोचलो आणि पावसाने गाठलं. हे पाचवं लेणं म्हणजे लांबलचक विहार, मधोमध जमिनीलगत कोरलेल्या दगडी बाकांच्या दोन सरळ ओळी. बघता बघता दीड-दोनशे माणसं आत आली आणि त्या बाकांवर पंगतीला बसावं तशी समोरासमोर बसली. ओल्या छत्र्या, ओले मोजे, कुणाचं तरी रडणारं बाळ. कुणीतरी हळूच भडंगाची पुडी सोडली. कांद्याचा वास आला आणि पाठोपाठ रखवालदाराची शिट्टी. पुडी बंद झाली, चावण्याचा आवाज मात्र थांबला नाही.

पावसाळ्यात भिक्खूंनी फिरू नये, एका जागी राहून वर्षावास करावा, हा बौद्ध संघाचा नियम. डोंगरात विहार खोदले गेले त्यामागे ही गरज होती. म्हणजे पावसात भटकू नये म्हणून ज्यांनी एवढा डोंगर पोखरला, त्यांच्या घरात आम्ही मुद्दाम पावसात भटकून, चिखलाच्या पायांनी येऊन बसलो होतो. समोरचा दगडी बुद्ध शांत होता. त्याच्या जागी माझी आई असती तर आधी सगळ्यांना पाय पुसून यायला सांगितलं असतं.

कैलास लेण्यापुढे मात्र मेहुणाही दोन मिनिटं गप्प बसला. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे मंदिर एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलं. आधी कळस, शेवटी पाया. आमच्या सोसायटीच्या गच्चीतली गळती चार कंत्राटदारांना मिळून सापडत नाही, आणि इथे एक घाव चुकला असता तर चिकटवायची सोय नव्हती. या लेण्याची एक कथा आहे. राणीने व्रत घेतलं की देवळाचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. सगळे कारागीर म्हणाले, कळसाला कित्येक महिने लागतील. पैठणचा कोकास पुढे आला. म्हणाला, आठवड्यात दाखवतो, आणि त्याने वरूनच सुरुवात केली.

या कथेवर माझा पूर्ण विश्वास आहे. कारण त्या क्षणी आमच्या आईनेही घृष्णेश्वराचं दर्शन झाल्याशिवाय काही खाणार नाही असं सांगितलं होतं, दुपारचा दीड वाजला होता, आणि माझ्याजवळ कोकास नव्हता, मेहुणा होता.

श्रावणातल्या रविवारी बाराव्या ज्योतिर्लिंगाची रांग किती असते? अडीच तास. गाभाऱ्यात पुरुषांनी अंगरखा उतरवून जायचं असतं, त्यामुळे शेवटचा टप्पा आम्ही उघड्या अंगाने, शर्ट दंडावर टाकून काढला. मेहुण्याने पोट आत ओढून धरलं होतं. मी प्रयत्न केला, पण रांग इतकी सावकाश सरकत होती की तेवढा वेळ श्वास धरणं योगी पुरुषालाच जमेल. सोडून दिलं. महादेवापुढे काय लपवायचं! आई मात्र बाहेर आली ती वीस वर्षांनी लहान होऊन. साबुदाणावडा खात म्हणाली, "छान झालं हो दर्शन. उगाच म्हणत होता तुम्ही, गर्दी गर्दी."

म्हैसमाळला धुकं होतं. एका कठड्याशी पन्नास माणसं उभी राहून पांढऱ्या रंगाचे फोटो काढत होती. आम्हीही काढले. भाजलेलं कणीस चांगलं होतं.

सोमवारी पुन्हा दिशाशूळ. तरी सकाळी सातलाच निघालो. फुलंब्री मागे पडली, सिल्लोड मागे पडलं, रस्ता हा असा मोकळा! मेहुणा स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरून म्हणाला, "बघा दाजी, लोक सगळे वेरूळलाच गर्दी करतात. खरी अक्कल ही." घाट उतरून फर्दापूरच्या फाट्यावर आलो. इथे गाड्या ठेवून लेण्यांपर्यंत बसने जायचं असतं. वाहनतळ रिकामा. एका कुत्र्याने मधोमध अंग टाकलेलं.

टपरीवाल्याने आम्हाला उतरू दिलं, आळोखेपिळोखे देऊ दिले, आणि मग म्हणाला, "सोमवारी लेणी बंद राहते साहेब."

कुणीच काही बोललं नाही.

"आणि मंगळवारी वेरूळ बंद," त्याने माहिती पूर्ण केली.

मी मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने बहिणीकडे. तिने माझ्याकडे. तिघांनाही वाटलं होतं की दुसऱ्याने बघितलं असेल. मला आता आईच्या वाक्याची भीती वाटत होती. पण ती बाकड्यावर बसली, गुडघा चोळला आणि एवढंच म्हणाली, "पाच चहा सांग. एकात साखर कमी." यापेक्षा ती बोलली असती तर बरं झालं असतं.

टपरीवाल्यानेच उपाय सुचवला: पुन्हा घाट चढा आणि पलीकडच्या माथ्यावर, व्ह्यू पॉइंटला जा, तिथून लेणी दिसतात. गेलो. खाली वाघोरा नदीने घोड्याच्या नालासारखं वळण घेतलेलं, डोंगरावरून पाणी कोसळत होतं, आणि समोरच्या काळ्या कड्यात ओळीने ती सगळी तीस लेणी. दारं, खांब, सज्जे, सगळं अगदी स्वच्छ. फक्त बंद. बाहेरून बघितलेलं लग्नाचं जेवण.

"ह्याच बाजूने त्या इंग्रजाला दिसली होती ना?" बायकोने विचारलं. हो. जॉन स्मिथ, मद्रास फौजेतला अधिकारी. वाघाच्या शिकारीला आला होता. लेण्यांचा विचारही मनात नव्हता. तोही न ठरवताच आलेला. वर दहा नंबरच्या लेण्यात, चित्रावरच, आपलं नाव आणि तारीख खरवडून गेला: २८ एप्रिल १८१९. त्या बाबतीत आपली मंडळी त्याची परंपरा नेटाने चालवतात.

मला उगीच एक शंका आली. मोबाइल काढला, जुनं कॅलेंडर शोधलं, १८१९ टाकलं, एप्रिलवर आलो.

बुधवार.

"काय रे, काय बघतोयस एवढं?" आईने विचारलं.

"काही नाही," मी मोबाइल खिशात टाकला. "रेंज आहे का बघत होतो."