भुताला नियम कशाला?

अलौकिक प्रकरणांचा छडा लावणारा नायक, मोठं शहर आणि भुतं, अशी रहस्यकादंबरी लिहायला घेतलीय ना? मग एक काम आधी टाळा: भुताला काय जमतं आणि काय जमत नाही, हे कागदावर उतरवू नका. काम अर्ध्या पानाचंच आहे, पण उगाच हात बांधले जातात. भिंतीतून आरपार जाणारं भूत जिन्याच्या पायरीवर उभं कसं राहतं, असं विचारणारा वाचक मुळात आपला नव्हेच. पहिल्या प्रकरणात ज्याला कप हलवता येत नाही, त्यानं एकतिसाव्यात खलनायकाच्या डोक्यात झुंबर घातलं, तर ‘भावनेच्या भरात आलेली ताकद’ म्हणा आणि मोकळे व्हा.

खरी अडचण मयताची. ज्याचा खून झाला तोच समोर येऊन बसला, तर नायकानं ‘कुणी मारलं?’ एवढं विचारायचा अवकाश, दुसऱ्या पानावर कादंबरी संपली. उरलेली तीनशे पानं भरायची कशानं? कष्टाळू लेखक इथे घाम गाळतात. कुणी वार पाठीमागून करवतात, म्हणजे मयतालाच खुनी दिसलेला नसतो. कुणी विष वापरतात, कारण पेल्यात ते कधी पडलं हे पिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कुणी भुताला खोटं बोलू देतात. मेल्यावरही माणसाला मुलाला वाचवावंसं वाटतंच. आणि कुणी मरणाआधीचा शेवटचा तास भुताच्या आठवणीतून पुसून टाकतात, पण ही अट दुसऱ्याच एका किरकोळ भुताच्या तोंडून तिसऱ्या प्रकरणात सहज सांगून ठेवतात, म्हणजे ऐन वेळी ती पळवाट वाटत नाही. तुम्हाला एवढा खटाटोप नको. तुमचं भूत ‘सांभाळ... तो...’ म्हणून विरून जाऊ द्या. दर भेटीत. पुढचं नाव दोन अक्षरी असलं तरी.

रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली गुप्तहेरकथेसाठी दहा नियम घालून दिले. त्यात अलौकिक शक्तींना सरळ मज्जाव केला आणि गुप्त वाट मात्र एक चालेल म्हटलं. गृहस्थ पेशानं धर्मगुरू, तरी भुतांना थारा नाही! तुम्ही अलौकिकाचा नियम आधीच मोडून बसला आहात, तेव्हा उरलेलेही मोडा. वाचकाला नायकाइतकेच धागेदोरे मिळावेत, ही अपेक्षा भूतकथेत तर जास्तच जाचक असते, कारण तिथे ‘काहीही घडू शकतं’ हा संशय आधीच त्याच्या मनात असतो. तो संशय खरा करून दाखवा.

आता सामान. नायकाच्या बॅगेत उपकरणं भरपूर हवीत, ती कशी चालतात हे मात्र वाचू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर त्यानं खोलीच्या मधोमध तरंगणाऱ्या आकृतीवर रोखावा आणि पारा उतरल्याचं किंचाळून सांगावं. ते यंत्र हवेचं नव्हे, समोरच्या पृष्ठभागाचं, म्हणजे पलीकडच्या भिंतीचं तापमान सांगतं (आणि त्यात पाराही नसतो), पण भिंतही गारठलेली असू शकते की. थर्मल कॅमेरा बंद खिडकीकडे वळवला की काचेत उबदार मानवाकृती हमखास दिसते. ती नायकाची स्वतःचीच. साधी काच त्या किरणांना आरपार जाऊ देत नाही, उलट काही परतवते. ईएमएफ मीटर, म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, भिंतीतल्या वायरिंगजवळ किंवा खिशातल्या मोबाइलजवळ उड्या मारतं. फ्लॅशच्या उजेडात भिंगाजवळची धूळ गोल गोल चमकते, तिला आत्मे म्हणा. यातला एखादा घोटाळाच तपासाचा धागा होऊ शकला असता, हे मनातही आणू नका.

विशेषतः विक टँडी यांच्या पंख्यापासून दूर राहा. प्रयोगशाळेत काम करताना या इंग्रज अभियंत्याला अस्वस्थ वाटू लागलं, नजरेच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी व्हाइसमध्ये (वस्तू घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात) आवळलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरू लागलं. टँडींनी पळ काढला नाही, व्हाइस जमिनीवरून सरकवत नेला. थरथर खोलीच्या मध्यावर सर्वांत जास्त, पुढे पुन्हा कमी. खोलीत सुमारे १९ हर्ट्झची, कानाला न जाणवणारी ध्वनिलहर अडकून होती आणि तिचा उगम होता हवा बाहेर फेकणारा पंखा. त्याची बसवणी बदलली, लहर गेली. १९९८ साली त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं. भीती, पुरावा, मोजमाप, गुन्हेगार, सगळं एका खोलीत. इतकं घट्ट कथानक हाताशी असताना वाचकाला शेवटी पंखा कसा द्यायचा? आणि पंखा बंद झाल्यावरही आकृती तिथेच उभी राहिली तर काय होईल, या विचारानं तर झोपच उडेल. तेव्हा नकोच.

शहराची वस्तीगणना टाळा. सगळेच मेलेले भूत होत असतील तर जुन्या शहरात पाय ठेवायला जागा उरणार नाही; मोजकेच होत असतील तर ते का, हे सांगावं लागेल. नायकाचा कोट लांब ठेवा, त्यात बरंच झाकलं जातं.

हस्तलिखित तपासायला देताना एका मित्राला मात्र वगळा. ‘हे भुतानं पहिल्याच रात्री का नाही सांगितलं?’ असं विचारणारा तोच. त्याला अर्पणपत्रिकेत घाला, म्हणजे छापून झाल्यावर गप्प बसेल.