घरात जाळं होतं, म्हणूनच लिहिलं

व्हेल शार्कवरच्या माझ्या मागच्या लेखावर 'दर्यावर्दी' या टोपणनावाने एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया लिहिली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फोटोखाली मी 'देवमासा' लिहिलं, ते चूक आहे. जाळं कापून मासा सोडला तर सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, पण तेवढ्यात जाळं होत नाही. वैतरणेच्या खाडीत शार्कने ज्याचा पाय धरला त्याला जाऊन मुशीचं, म्हणजे शार्कचं, कौतुक सांगा. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांबद्दल मी गप्प का? आणि शेवटी, त्यांच्याच शब्दांत: "ज्यांच्या घरात कधी जाळं नव्हतं, त्यांनी पुण्यात बसून मुशीची कणव सांगू नये. वडील बहुधा बँकेत असतील."

दर्यावर्दी, पहिला मुद्दा मान्य. व्हेल शार्क हा देवमासा नाही. देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो, हा कल्ल्यांनी घेतो. देवमाशाची शेपटी आडवी असते आणि वरखाली हलते, याची उभी असते आणि डावीउजवीकडे हलते. आमच्या घरी मोठ्या कुठल्याही जनावराला देवमासोच म्हणायचे, ते हातून उतरलं. लेखात तसं लिहायला नको होतं.

पण शेवटचं वाक्य मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचते आहे. चूक दाखवायला तुम्हाला माझ्या वडिलांपर्यंत जायची काय गरज होती? तुम्ही मला ओळखत नाही. मी सोळा वर्षं हा ब्लॉग स्वतःच्या नावाने लिहिते, तुम्हाला स्वतःचं नावही द्यावंसं वाटलं नाही.

तर ऐका. मी मालवणजवळच्या देवबागची. गाबिताची, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातली मुलगी. माझे बाबा रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, होते आणि बँकेत ते फक्त कर्जाचा हप्ता भरायला जायचे. रापण तुम्हाला माहीत असेल असं धरून चालते, कारण नाव तरी तुम्ही दर्याचं घेतलंय. होडीतून जाळं समुद्रात अर्धवर्तुळात सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. ओढायला बायका, म्हातारे, शाळेला दांडी मारलेली पोरं, सगळे. मी चौथीत असल्यापासून दोराला लागलेय. तळहाताला आलेले घट्टे कॉलेजात जाईपर्यंत गेले नव्हते.

जानेवारी २००९. सकाळी रापण जड लागली. सगळे खूश, मोठा थवा मिळाला म्हणून. जाळं कमरेएवढ्या पाण्यात आलं तेव्हा आधी पर दिसला, मग पाठ. काळपट निळी पाठ, तीवर पांढरे ठिपके आणि ठिपक्यांच्या ओळींमधून फिक्या रेघा, कुणी पट आखून ठेवल्यासारख्या. लांबी आमच्या होडीपेक्षा जास्त. शेपटी जाळ्यात पुरती गुरफटलेली. बाबा आणि माझा काका पाण्यात उतरले. बाबांनी एक हात त्याच्या पाठीवर टाकला आणि दुसऱ्या हातातल्या कोयतीने जाळं कापायला घेतलं. जाळं त्यांच्या एकट्याचं नव्हतं, पंधरा घरांचे वाटे होते. वाटेकऱ्यांपैकी एकाने काठावरून आरडाओरडा केला. बाबांनी मान न वळवता एवढंच म्हटलं, "जाळा परत विणूक येतला."

तोंड समुद्राकडे वळेपर्यंत त्याला तसंच धरून ठेवलं होतं. मग शेपटी एकदा हलली, काका पाण्यात आडवा झाला आणि मासा गेला. बाबा वर आले तेव्हा त्यांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत सोलला होता. शार्कची कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत असते, नुसती घासली तरी रक्त काढते. आईने हळद लावली. त्या जाळ्याचं देणं फेडायला आम्हाला दोन हंगाम लागले.

भरपाईची योजना महाराष्ट्रात आली डिसेंबर २०१८ मध्ये. त्याआधी जवळजवळ दहा वर्षं हे झालं. मासा सोडला तर पैसे मिळतात म्हणून बाबांनी काही केलं नाही. ज्याच्या घरात जाळं होतं त्याने स्वतःच्या हाताने ते कापलं. मग कणव पुण्यात बसून सुचते, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

आणि हे एकट्या माझ्या बाबांचं नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या आसपास, नव्वदच्या दशकात हाच मासा गळ टाकून मारायचे. त्याच्या यकृताचं तेल होडीच्या लाकडाला लावायचे, मांस परदेशी जायचं. २००१ मध्ये तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आला. कायद्याने दंड होतो, मन बदलत नाही. २००४ च्या सुमारास रामकथा सांगणाऱ्या मोरारीबापूंनी तिथल्या कोळ्यांना सांगितलं, ही वहाली, म्हणजे लाडकी, आहे, बाळंतपणाला माहेरी येणारी लेक आहे. त्यानंतर त्याच कोळ्यांनी जाळी कापून शेकडो व्हेल शार्क परत सोडले. त्यांच्या घरांतही जाळीच होती, दर्यावर्दी.

बाबांना मुशी खायला आवडायची, हेही सांगते, म्हणजे तुम्ही पुढच्या प्रतिक्रियेत ते शोधून काढायला नको. आईच्या हातचं मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मटण आमच्याकडे पाहुण्यांसाठी व्हायचं. लहान मोरी ताटात आणि व्हेल शार्क पाण्यात, यात त्यांना कधी अडचण वाटली नाही. शिंगाळ्याच्या (कॅटफिशच्या) काट्याची, पाकटाच्या (स्टिंगरेच्या) काट्याची भीती त्यांना होतीच. एकदा दोर ओढताना गुडघाभर पाण्यात पाकटावर पाय पडला आणि शेपटीचा करवतीसारखा काटा घोट्यात घुसला. आजीने सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवून ठेवला, कारण कळ उष्णतेने उतरते. बाबा ओरडत होते ते मला अजून ऐकू येतं. दुसऱ्या आठवड्यात ते परत पाण्यात गेले, फक्त पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालायला लागले, म्हणजे पाकट आधीच सरकतं. आम्हालाही तसंच शिकवलं. २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या कितीतरी लोकांना पाकटांनी डंख केला, तेव्हा मला पहिली आठवण त्या घासत्या पायांची झाली.

वैतरणेचं म्हणाल, तर त्या माणसाचं दुःख माझ्यावर दगडासारखं फेकू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये मनोरजवळ त्याला चावला तो बुल शार्क होता. ही जात खाडीत, नदीत, गोड्या पाण्यातही येते, गढुळात माणसाला दिसत नाही. खाडीत उतरणाऱ्यांनी तिला घाबरलंच पाहिजे. पण माझा लेख ज्याच्यावर होता तो तोंड उघडून प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, आणि बारीक मासळी गाळून खातो. त्याचे दात काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढे, चावण्याच्या कामाचे नाहीत. सगळ्या शार्कना एकाच पिंजऱ्यात उभं करणार असाल तर ऐका. न डिवचता शार्कने माणसाला चावल्याच्या जगभरातल्या घटना २०२३ मध्ये ६९ नोंदल्या गेल्या, त्यांत १० माणसं गेली. एवढ्या समुद्रांत, एवढ्या माणसांत. तो १० चा आकडा मी हलका मानत नाही, पण त्यावरून व्हेल शार्क मारायला परवानगी मिळत नाही.

जाळ्याच्या किमतीचं आणि डॉल्फिनच्या होड्यांचं तुम्ही लिहिलंय, ते वेगळे विषय आहेत. त्यांत आत्ता शिरत नाही. चांगल्या भाषेत विचारलंत तर स्वतंत्र लेख लिहीन.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. कोयती देवबागच्या घरी पडवीत अजून आहे, मुठीला सुंभ गुंडाळलेली. यापुढे माझ्याशी वाद घाला, माझ्या लिहिण्याशी घाला, त्यांना मध्ये आणू नका. फोटोखालचा 'देवमासा' आज रात्रीच बदलते.