पेठेच्या पाठीराख्यास हिताचे चार शब्द

कोल्हापुरात नव्याने राहायला आलेल्या आणि ‘फुटबॉल आवडतो’ एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर राजर्षी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत जाऊन बसण्याचा बेत करणाऱ्या सद्गृहस्थांना वेळीच आवरणे, हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे आपल्या केएसएची, साखळी स्पर्धा थंडीच्या सुमारास सुरू होते. पुढे निरनिराळ्या चषकांच्या बाद फेऱ्या येतात, मध्येच एखादा राडा होऊन सारे थांबते, बैठका होतात, पुन्हा शिट्टी वाजते आणि असे करत हंगाम भर उन्हाळ्यात पोहोचतो. एवढा काळ निव्वळ खेळाच्या आवडीवर काढणे माणसाला झेपणारे नाही. त्यासाठी पेठ लागते.

म्हणून भाड्याचे घर पाहायला जाल तेव्हा पाणी किती वेळ येते हे विचारण्याआधी जवळची तालीम कोणती हे विचारून घ्यावे, कारण येथले बहुतेक फुटबॉल संघ तालमींचेच. शिवाजी पेठेत बिऱ्हाड थाटलेत तर शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम तुमच्या वाट्याला येतील. मंगळवार पेठेत राहिलात तर पाटाकडील तालमीच्या विजयात गुलाल अंगावर घ्यावा लागेल. दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, फुलेवाडी या इतर संघांपैकी कोणाचाही खेळ तुम्हाला मनापासून आवडला, तरी ती गोष्ट स्वतःपाशीच ठेवणे शहाणपणाचे. ‘जो चांगला खेळेल त्याच्या बाजूने’ असे मत बाळगणारा मनुष्य येथे दोन्ही गॅलऱ्यांना सारखाच संशयास्पद वाटतो, आणि तो संशय अगदीच गैर आहे असे म्हणवत नाही. कारण पोरगा तालमीत वाढला, त्याचा बाप त्याच संघातून खेळला, आजोबा त्याच आखाड्यात घुमले, त्या घराला तुमचा तटस्थपणा म्हणजे निव्वळ बेपर्वाई वाटणार. शाहू महाराजांच्या काळापासून जी ईर्षा कुस्तीच्या लाल मातीत मुरली, तीच पुढे चेंडूच्या मागे धावू लागली. १९४० साली केएसए स्थापन झाली. ईर्षेला नियम मिळाले, वेळापत्रक मिळाले आणि गुणतक्ताही मिळाला.

पेठ ठरली, आता खेळाडू. तुमचा आवाज बरा असेल आणि गाठीला थोडा पैसा असेल, तर दोन हंगामांत तुम्ही तालमीच्या कार्यकारिणीत जाऊन बसाल हे गृहीत धरतो. तेथे गेल्यावर खेळाडू-नोंदणीच्या दिवसांत एक चूक कटाक्षाने टाळावी: गल्लीतल्या पोरांना तयार करण्याच्या भानगडीत पडू नये. पोरगा तयार व्हायला सात-आठ वर्षे लागतात आणि तेवढ्यात त्याला दहावी, बारावी, प्रेमप्रकरण व पुण्यातली नोकरी यांपैकी काहीतरी गाठतेच. उलट नायजेरियाहून आलेला धिप्पाड आघाडीपटू मुंबई-गोव्याच्या वाटेने आठवडाभरात हजर होतो. त्याच्या निवासाची, जेवणाची आणि व्हिसाच्या कागदांची व्यवस्था करता करता तुमची जी धावपळ होईल, तिलाच पेठेत संघबांधणी म्हणतात. पहिल्या सामन्यात त्याने दोन गोल केले, की तो आपल्या तालमीचा वाघ. तिसऱ्या सामन्यात पेनल्टी हुकली, की तो ‘बाहेरचा’. या दोन्ही पदव्या एकाच तोंडाने, शक्यतो एकाच आठवड्यात देता येणे हे कार्यकर्त्याच्या परिपक्वतेचे लक्षण मानावे. आणि त्याच्यामुळे राखीव बाकावर बसलेला गल्लीतला पोरगा काही विचारू लागलाच, तर त्याच्या पाठीवर हात ठेवून ‘तुझं वय आहे अजून’ असे म्हणावे. तो तिशीला येईपर्यंत हे वाक्य उपयोगी पडते.

प्रत्यक्ष सामन्याला उशीर होण्याची चिंता करू नये. सामना वेळेवर सुरू होतो तो प्रमुख पाहुणे वेळेवर आले तर. पाहुण्यांमध्ये नगरसेवक, माजी नगरसेवक आणि नगरसेवक होऊ पाहणारे असे तीन पोटभेद आहेत, आणि त्या प्रत्येकाला दोन्ही संघांच्या खेळाडूंशी हस्तांदोलन करताना छायाचित्र हवे असते. चषकाला ज्यांचे नाव असते ते स्वतः अंतिम सामन्याला येतात. तेव्हा बक्षिसाच्या रकमेपेक्षा बक्षिसाचा धनादेश आकाराने मोठा असतो. उन्हात उभे राहून अंग गार पडलेल्या खेळाडूंविषयी तुम्हाला सहानुभूती वाटली, तर तुमची पेठेशी एकरूपता अजून कच्ची आहे असे समजावे.

आता गॅलरीतील वर्तनाविषयी जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नवख्यांची खरी फजिती तेथेच होते. फुटबॉलच्या नियमपुस्तकातील अकरावा नियम ऑफसाइडचा आहे. खेळाडू नुसता पुढे उभा असणे हा गुन्हा नाही, सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी तो कोठे होता आणि मग त्याने खेळात भाग घेतला का, हे पाहायचे असते. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नर यांतून थेट चेंडू आल्यास ऑफसाइड नसतेच. ही माहिती तुम्ही कोठे वाचली असेल तर विसरून जा. गॅलरीत ऑफसाइड ठरते ती आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत यावर. मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला, समोरून ऊन डोळ्यांवर येत असताना, हातातल्या शेंगदाण्यांच्या पुडीवरची नजर न काढता जो मनुष्य ‘ऑफसाइड होती!’ असे छातीठोकपणे सांगतो, त्याच्यापुढे निशाण घेऊन रेषेवर धावणाऱ्या साहाय्यक पंचाची काय प्रतिष्ठा? पंचाचे चुकत नाही असे आमचे म्हणणे नाही. त्याचे चुकते, पण त्याच्या चुका दोन्ही संघांच्या वाट्याला येतात, आणि हा निःपक्षपातीपणाच लोकांना सहन होत नाही. त्याच्या घरच्यांचा उद्धार करताना आवाज घशातून न काढता पोटातून काढावा, म्हणजे टायब्रेकरपर्यंत टिकतो.

घोषणांच्या पुढची पायरी बाटलीची. प्लास्टिकची बाटली मैदानात पडली की सामना थांबतो, सामना थांबला की पोलीस येतात, पोलीस आले की मोबाईल निघतात आणि तुमच्या पेठेचे नाव ज्यांनी आयुष्यात कधी फुटबॉल पाहिला नाही अशांपर्यंत रात्रीत पोहोचते. खर्चाच्या मानाने ही प्रसिद्धी स्वस्त आहे. पुढे शिस्तभंगाची कारवाई होते, खेळाडूंवर सामन्यांची बंदी येते, प्रसंगी स्पर्धाच गुंडाळावी लागते. एक लक्षात ठेवावे: बाटली फेकणाऱ्यावर बंदी येत नाही, कारण तो कोठेच नोंदलेला नसतो. बंदी येते ती नोंदलेल्या पोरावर, जो बहुधा मारामारी सोडवायला धावलेला असतो. सुरुवात समोरच्यांनी केली, असे पत्रक काढण्याचे काम तुमच्याकडे आले तर आधीच्या हंगामाचे पत्रक शोधावे. तारीख आणि समोरच्या तालमीचे नाव तेवढे बदलले की झाले.

आमच्या फुटबॉलप्रेमाविषयी मात्र कोणी शंका घेऊ नये. विश्वचषक आला की चौकाचौकात मेस्सी, रोनाल्डो आणि नेमार तीन मजली उंचीने उभे राहतात, आणि २०२२ साली अर्जेंटिना जिंकली तेव्हा येथे जो जल्लोष झाला तो पाहून एखाद्याला ब्युनोस आयर्स पंचगंगेच्या काठावर आहे असे वाटले असते. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात आपला अनिकेत जाधव होता. त्याची पुढची घडण कोल्हापूरबाहेरच्या अकादमीत झाली, ही किरकोळ बाब अभिमानाच्या आड येऊ देऊ नये. त्याचे फलक आपण लावले, हे महत्त्वाचे. ‘दुसरा अनिकेत कधी?’ असा प्रश्न कोणी केला, तर त्याला पावसाळ्यात गांधी मैदान दाखवायला न्यावे. तेथे साचलेल्या पाण्यात होडी चालेल, चेंडू चालणार नाही. पाणी ओसरले की कधी सभा असते, कधी प्रदर्शन, आणि त्यातून उरलेल्या जागेत व उरलेल्या दिवसांत पोरे चेंडू खेळतात. मैदानाच्या निधीची घोषणा ऐकायला गर्दी करावी आणि त्या निधीचे पुढे काय झाले हे विचारायला एकट्याने जावे, म्हणजे विषय आपोआप मिटतो.

एक शेवटची सूचना, आणि ती धोक्याची आहे. केएसएच्या वरच्या गटाखाली आणखी खालचे गट आहेत, आणि त्यांचेही सामने होतात. तिकडे चुकूनही फिरकू नये. तेथे पाहुणे नसतात, हलगी नसते, फलक नसतात. गॅलरीत दोन-चार आई-बाप, एखादा जुना गोलरक्षक आणि सायकल टेकवून थांबलेला कोणी वाटसरू एवढेच लोक. परदेशातून माणूस आणण्याची ऐपत नसल्यामुळे या संघांना नाइलाजाने आपल्याच पोरांना खेळवावे लागते. कोणी गवंड्याच्या हाताखाली जातो, कोणी कॉलेजचा तास चुकवून आलेला असतो, आणि बुटांची एक जोडी दोन भावांत असली तर धाकट्याचा सामना कधी आहे हे पाहूनच थोरला संघ निवडतो. एवढे करून जिंकले तर मिळते काय, तर वरच्या गटात जाऊन मोठ्या तालमींकडून सपाटून हरण्याचा हक्क. तरीही ही पोरे नव्वदाव्या मिनिटाला, तीन गोलांनी मागे असताना, रेषेबाहेर चाललेल्या चेंडूसाठी जीव खाऊन धावतात, आणि पंचाने शिट्टी वाजवली की मुकाट मागे फिरतात. अशा ठिकाणी तासभर बसलात तर कोणती पेठ, कोणाची तालीम, पंच कोणाचा, यांतले काहीच डोक्यात राहत नाही आणि माणूस नुसता चेंडूकडे पाहू लागतो. ही सवय एकदा लागली की मोठ्या सामन्याला तुमचा काही उपयोग उरत नाही. त्यातूनही गेलातच, तर पेठेत कोणाला सांगू नका. ‘रंकाळ्यावर फिरायला गेलो होतो’ असे म्हणावे, येथे ते कोणालाही पटते.