अंजिरांना हात लावू नकोस

मला सर्वांत जास्त आवडलेल्या अभिनयाच्या प्रसंगांपैकी एकात नटी दिसतच नाही.

बीबीसीची १९७६ सालची ‘आय, क्लॉडियस’ ही मालिका. रोमन सम्राट ऑगस्टस शेवटच्या घटका मोजतोय. कॅमेरा त्याच्या, म्हणजे ब्रायन ब्लेस्डच्या, चेहऱ्यावर जाऊन बसलाय आणि तिथून हलायचं नावच घेत नाही. बोलतेय त्याची बायको लिव्हिया, चौकटीच्या बाहेरून. विष तिनेच घातलंय. नवरा दुसऱ्याच्या हातचं खाईना, स्वतः झाडावरून तोडलेली अंजिरंच खायचा, म्हणून बाईने झाडावरच्या अंजिरांनाच विष चोपडलं! आता तो जातोय, तर ही ना रडत, ना चिडत. दिवेलागणीला घरातली आवराआवर करता करता बोलावं तसं बोलते. माझं ऐकायला हवं होतंस, वगैरे. त्या सबंध वेळात आपण ब्लेस्डच्या डोळ्यांतला उजेड मालवताना बघत असतो आणि अंगावर काटा मात्र आवाजाने येतो. मग ती बाहेर येते आणि मुलाला जाता जाता सांगते, अंजिरांना हात लावू नकोस.

हा आवाज वेल्श नटी शान फिलिप्स यांचा. कितीतरी वर्षं मी हे नाव ‘सियान’ वाचत होतो. वेल्श भाषेत त्या अक्षरांचा उच्चार ‘शान’ होतो हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू. आपल्याकडे या शब्दाचा जो अर्थ आहे तो बाईंना अगदी फिट्ट बसतो. जन्मनाव जेन, शान हे त्याचंच वेल्श रूप.

बाईंची ओळख अजूनही ‘प्रसिद्ध नट पीटर ओटूलची बायको’ अशी करून दिली जाते, त्याचा मला वैताग येतो. १९५९ ला लग्न, १९७९ ला घटस्फोट. संपून जमाना झाला. पण त्यांचं कौतुक करणारेसुद्धा थोडे चुकतात असं माझं मत आहे. त्यांना आठवतो तो लिव्हियाचा चेहरा. गालाची हाडं, तो थंड डोळा. चेहरा देखणा आहेच हो, कोण नाही म्हणतंय? पण बाई मुळात रेडिओच्या आहेत, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांची कारकीर्द नीट कळत नाही.

जन्म १९३३ चा, दक्षिण वेल्समधल्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातल्या ग्वाइन-काय-गुर्वेन गावचा. (तिथले लोकही एवढं लांबलचक न म्हणता सरळ जीसीजी म्हणतात.) घरात वेल्श. इंग्रजी त्या शिकल्या रेडिओ ऐकून. म्हणजे पुढे ज्या भाषेत नाव काढलं ती भाषा त्यांच्याकडे आली तीच मुळी कानातून, समोर माणूस नसताना. अकराव्या वर्षी त्या स्वतः बीबीसीच्या वेल्समधल्या रेडिओवर बोलायला लागल्या. कार्डिफला शिकल्या, निवेदन केलं, बातम्या वाचल्या, आणि मग १९५५ मध्ये लंडनला ‘राडा’ या नाट्यशाळेत गेल्या. नाट्यशाळेत पाऊल टाकायच्या आधीच माईकसमोरची दहाएक वर्षं गाठीला होती!

आपल्याकडे रेडिओला असं कोणी मानत नाही. नभोनाट्य म्हणजे नाटकाचं धाकटं, जरा दुबळं भावंड. आमच्या घरी आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका लागायची तेव्हा त्यातले टेकाडे भावजी दिसायला कसे आहेत हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. ते घरातलेच होते. पण नटांची चरित्रं लिहिताना आकाशवाणीचा परिच्छेद आपण दोन ओळींत उरकतो.

असो. बाईंकडे परत येऊ. १९७७ चा बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचा सिनेमा-टीव्हीचा मोठा पुरस्कार, त्यांना दोन कामांसाठी मिळून मिळाला. एक ही विषकन्या आणि दुसरी ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ मधली वेल्श खाणकामगाराच्या घरातली आई. १९८४ च्या ‘ड्यून’ या विज्ञानपटात डोक्याचा तुळतुळीत गोटा करून त्या एका गूढ स्त्रीपंथाची ‘आदरणीय माता’ झाल्या. त्या पंथाच्या बायका नुसत्या आवाजाने माणसाला हुकूम सोडतात. पात्रनिवड करणाऱ्याला मी सलाम ठोकतो. मग गाणं. ‘मार्लीन’ या नाटकात त्या नटी-गायिका मार्लीन डीट्रिख झाल्या, लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, आणि १९९९ मध्ये टोनी या अमेरिकन नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळालं. तेव्हा वय साठीच्या पुढे. ७६ व्या वर्षी ब्रिस्टल ओल्ड विक या नाट्यगृहात ज्युलिएट केली. हो, तीच ज्युलिएट! फक्त इथे ती वृद्धाश्रमातली. २०१६ मध्ये ‘डेम’ हा किताब मिळाला.

वेल्श कवी डिलन टॉमसचं ‘अंडर मिल्क वुड’ हे खरं तर रेडिओसाठीच लिहिलेलं नाटक. १९७२ मध्ये त्याचा सिनेमा झाला, त्यात बाई होत्या. २०२१ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने ते मंचावर आणलं, त्यातही होत्या. मधे जवळजवळ पन्नास वर्षं गेली.

त्याच वर्षी, ८८ व्या वर्षी, त्यांनी लंडनच्या जर्मिन स्ट्रीट थिएटरमध्ये नाटककार सॅम्युअल बेकेटचं ‘रॉकबाय’ केलं. तळघरातलं नाट्यगृह, खुर्च्या सत्तर. नाटक जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं. एक म्हातारी झुलत्या खुर्चीत बसलेली असते, खुर्ची आपोआप झुलते. जवळजवळ सगळं बोलणं ध्वनिमुद्रित, तिच्याच आवाजात, आणि ती ते ऐकत बसते. आवाज थांबला की खुर्चीही थांबते. मग ती म्हातारी तोंड उघडते आणि एकच शब्द म्हणते. ‘आणखी.’ चार वेळा. प्रत्येक वेळी आधीपेक्षा जरा हळू.