शिर्डीच्या ठेवी किती असाव्यात?

बापूंनी चहाचा ग्लास हातात घेतला आणि सुरुवात केली. "शिर्डी संस्थानाच्या ठेवी अडीच हजार कोटींच्या वर गेल्यात. बाबा तर दक्षिणा घ्यायचे आन् संध्याकाळपर्यंत वाटून मोकळे. हे काय साठवून ठेवतात?"

आमचा कट्टा संगमनेरचा. शिर्डीचा विषय निघाला की इथे प्रत्येकाला घरातल्या वाटणीसारखा हक्क वाटतो.

बँकेतून रिटायर झालेले काका लगेच सरसावले. "बापू, मार्च 2020 मध्ये मंदिर बंद झालं ते नोव्हेंबरात उघडलं. पुढच्या वर्षी एप्रिलला पुन्हा कुलूप, थेट घटस्थापनेपर्यंत. दर्शन नाही म्हणजे हुंडी नाही. पण दवाखाने आणि पगार थांबतात का? तेव्हा ठेवीच कामाला येतात."

"तेवढ्याला अडीच हजार कोटी?"

"व्याज बघ ना. सात टक्के धरले तरी वर्षाला पावणेदोनशे कोटी."

"म्हणजे देवाला आता भक्तांची गरजच नाही!" मास्तर बोलले आणि सगळे हसले. (काका नाही हसले.) ते म्हणाले, 2023 मध्ये तर नाण्यांची पोती ठेवायला जागा नाही म्हणून बँकांनीच हात वर केले होते. देणारा रुपया-दोन रुपये टाकतो, त्याला 'पुरे' कोण म्हणणार?

सीए आतापर्यंत मोबाइलमध्ये होता. त्याने हुंडीच्या कराचं प्रकरण काढलं. हुंडीत टाकणाऱ्याचं नाव नसतं, आणि निनावी देणगीवर 30 टक्के कर आहे. निव्वळ धार्मिक संस्थेला, किंवा धार्मिक आणि धर्मादाय अशी दोन्ही कामं करणाऱ्या संस्थेला तो लागत नाही; निव्वळ धर्मादाय असेल तर लागतो. आयकर विभागाने पकडलं ते इथेच: तुम्ही दवाखाने चालवता, शाळा चालवता, धार्मिक कामावरचा खर्च नगण्य, मग तुम्ही धर्मादाय, भरा कर. शेवटी ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की संस्थान धार्मिकही आहे आणि धर्मादायही, म्हणून हुंडीला सूट.

मला यातली गंमत वेगळीच वाटते. जो खर्च केला म्हणून आपण संस्थानाला शाबासकी देतो, तोच खर्च विभागाने संस्थानावर उलटवला.

"पण साठवायला मुभा आहे का?" मी विचारलं.

"वर्षाच्या उत्पन्नातले 15 टक्के सरळ बाजूला ठेवता येतात. त्याहून जास्त ठेवायचं तर कारण लिहून द्यायचं, आणि 1961 च्या कायद्यात त्याला मुदत पाच वर्षांची. मूळ निधी म्हणून दिलेली देणगी वेगळी."

"कारण कसलं लिहितात?"

"इमारत, दवाखाना, काहीही."

मला खटकतं ते हे 'काहीही'. रक्कम मोठी आहे याचा राग नाही. किती महिन्यांचा खर्च हाताशी हवा आणि त्यापुढचा पैसा कशाला, हा आकडा भाविकांपुढे ठळक मांडलेला मी तरी पाहिलेला नाही. तो नसला की ज्याच्या मनात येईल तो त्या पैशाला वाट काढून देतो. माजी खासदार सुजय विखे 2025 च्या जानेवारीत म्हणाले, प्रसादालयात जेवणाला 25 रुपये घ्या आणि तो पैसा शिक्षणाला लावा. त्याआधी 2018 मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी संस्थानाने 500 कोटी बिनव्याजी कर्ज द्यायचं ठरलं होतं.

"त्यात काय वाईट?" बापू उसळले. "धरणाला मंजुरी 1970 ची. डाव्या कालव्याचं उद्घाटन 2023 ला. आमच्या बापाची हयात गेली वाट बघण्यात."

"कालवा सरकारचं काम आहे," मास्तर म्हणाले. "आज कालवा, उद्या रस्ता, परवा कुणाच्या मतदारसंघातलं सभागृह. विश्वस्त नेमतं कोण? सरकारच ना? 2022 मध्ये हायकोर्टाने अख्खं मंडळ घरी बसवलं आणि जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे कारभार गेला, ते उगाच?"

"मग त्या समितीनंच लिहावा आकडा," सीए म्हणाला. "दोन वर्षांचा खर्च राखीव, बाकीचं दवाखान्याला."

"दोन नाही, तीन," काका म्हणाले.

"एक," बापू म्हणाले, आणि चहाचे पैसे कोण देणार यावर नवा वाद सुरू झाला.