कमळ, कुमुदिनी आणि मखाणा: एका संदेशातील तीन विधाने

‘कमळ आणि कुमुदिनी ही एकाच कुळातील भावंडे, मखाणा म्हणजे कमळाच्या बियांच्या लाह्या, आणि राष्ट्रीय फूल असल्यामुळे कमळाला कायद्याचे संरक्षण आहे,’ असा संदेश अनेकांकडून पुढे पाठवला जातो. यातले एकही विधान खरे नाही आणि तिसऱ्याने तर नुकसानच होते.

पहिल्या चुकीला मोठा इतिहास आहे. 1753 मध्ये वनस्पतींच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियस यांनीच कमळाला कुमुदिनीच्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातले होते. दोघांचेही घर पाणी, दोघांची पाने गोल, त्यामुळे हे साम्य कोणालाही फसवणारेच. पण कुमुदिनीचे पान देठापर्यंत चिरलेले असून पाण्यावर तरंगते, तर कमळाचे पान अखंड, छत्रीसारखे आणि बहुधा पाण्याच्या वर उचललेले असते. शिवाय बिया ज्यात बसतात तो कमळाचा भोकाभोकांचा चाडीसारखा भाग कुमुदिनीला नसतो. परागकणांची रचना आणि पुढे डीएनएचा पुरावा यांमुळे 1998 च्या वर्गीकरणात कमळाचे कुळ चिनारच्या आणि आपल्याकडे बागांतून लावल्या जाणाऱ्या सिल्व्हर ओकच्या कुळासोबत एकाच गणात, म्हणजे अनेक कुळांच्या मोठ्या गटात, आले. तळ्यातल्या फुलाचे जवळचे नातलग जमिनीवरचे उंच वृक्ष निघावेत, हे मला आजही विलक्षण वाटते. सूर्यविकासी कमळ आणि चंद्रविकासी कुमुद यांत संस्कृत कवींनी मात्र कधी गल्लत केली नाही.

मखाण्याबद्दल थोडक्यात सांगता येते. तो मुख्यतः बिहारमधील तळ्यांत वाढणाऱ्या, काटेरी पानांच्या वेगळ्याच वनस्पतीच्या बियांपासून होतो आणि ती वनस्पती कुमुदिनीच्या कुळातली आहे. कमळाचे बी म्हणजे जपमाळेतला कमळगट्टा.

आता संरक्षणाविषयी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला 1991 साली सहा वनस्पतींची यादी जोडली गेली; तीत मेघालयातील कीटकभक्षी घटपर्णी होती, निळे वांडा ऑर्किड होते, कमळ नव्हते. राष्ट्रीय फूल म्हणवले जाण्याने कोणत्याही वनस्पतीला कायद्याचे कवच आपोआप मिळत नाही. लक्ष्मीपूजनाला कमळे उघडपणे विकली जातात आणि उल्हासनगरच्या सिंधी घरांत कमळकाकडीची भाजी होते, त्यात बेकायदा काही नाही. जात म्हणून कमळ आशियात दूरवर पसरलेले आहे आणि त्याची लागवडही होते, म्हणून ‘दुर्मीळ’ हा शब्दही त्याला लागू पडत नाही.

धोका आहे तो त्याच्या जागेला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील जुने मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळात सिंचनासाठी बांधलेले माजी मालगुजारी तलाव, गाळाने उथळ झाले, कित्येकांत बेशरम नावाची झुडपे माजली, आणि पाणथळ जागांच्या संवर्धनासाठीच्या 2017 च्या नियमांतील व्याख्येतून खास सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले असल्याने ते नियम अशा तलावांच्या मदतीला येत नाहीत. चीनमधील एका कोरड्या तळ्यात सुमारे 1300 वर्षे पडून राहिलेले कमळाचे बी रुजले आहे, म्हणजे बियांची चिकाटी अफाट आहे. पण तळे बुजवून तिथे भूखंड पाडले, तर त्या बियांना रुजायला जागाच उरत नाही, आणि फूल संरक्षित आहे असे मानणारा माणूस त्या भरावाविरुद्ध हरकत घ्यायला ग्रामसभेत जात नाही.