पट्टा बांधा, निर्धास्त झोपा

घरचं माणूस ॲडमिट करायची वेळ आली, तर डॉक्टर कोण ते विचारत बसू नका. पट्टा आहे का, ते विचारा. मनगटावर नाडी, ऑक्सिजन मोजणारा वायरलेस पट्टा, छातीवर पॅच आणि काउंटरमागे ते आकडे दाखवणारा भिंतभर स्क्रीन असला की पेशंट निम्मा बरा झालाच म्हणून समजा. उरलेला निम्मा मेडिक्लेमवाले बघतील.

चार्जर घरून न्या.

पेशंटचे हात गार पडू देऊ नका. ऑक्सिजन मोजणारा सेन्सर कातडीत लाल आणि इन्फ्रारेड उजेड सोडून रक्ताचा अंदाज घेतो. हातापायात रक्त कमी खेळायला लागलं की आकडाही डळमळतो. माणूस खालावला की यंत्रही खालावतं, इतका जिव्हाळा! शक्य असेल तर गोरं होऊनच दाखल व्हा. घसरलेला ऑक्सिजन कृष्णवर्णीयांच्या बाबतीत गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा हुकतो, असं २०२० साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं होतं.

एमआरआयला नेताना पट्टा काढतात. तो खाटेवरच राहू द्या. गेल्या आठवड्यात आमच्या नानांचा असाच राहिला. नाना तळघरात, पातळ गाउनमध्ये, व्हीलचेअरवर कुडकुडत नंबरची वाट बघताहेत, आणि स्क्रीनवर नाना तिसऱ्या मजल्यावर, खाटेवर. मी वर येऊन म्हटलं, "सिस्टर, वडील कधीचे खाली बसलेत, एक ब्लँकेट द्या आणि कुणाला तरी पाठवा." सिस्टरनी स्क्रीन बघितला. "पेशंट बेडवरच दाखवतंय, सर." म्हटलं, अहो, मी त्यांच्याजवळूनच येतोय. "पण सिस्टिमला बेडवरच आहेत."

बरं, बेडवर तर बेडवर. पण त्याच स्क्रीनवर नानांच्या नावापुढे नाडीच्या जागी दोन आडव्या रेघा लुकलुकत होत्या, आणि टूं टूं चालू होतं. म्हणजे तुमच्याच हिशेबानं ऐंशीतला एक म्हातारा तुमच्याच वॉर्डात नाडीविना पडलाय, आणि वीस पावलं चालून बघायला कुणी उठलं नाही? उठले ते वॉर्डातले मामा. त्यांनी बटण दाबून आवाज बंद केला. "ते सारखंच वाजतंय, साहेब."

सारखं वाजतं, हे खरंच आहे. खोट्या इशाऱ्यांनी कान बधिर होण्याला 'अलार्म फटीग' म्हणतात. त्यातून रुग्ण दगावतात, असं अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २०१३ सालीच बजावलं होतं. आपल्याकडे ती यंत्रं आली, ते बजावणं काही आलं नाही.

सिस्टरांवर राग नाही. मजला भरलेला आणि पाळीला त्या दोघी. साध्या वॉर्डात सहा पेशंटमागे एक नर्स हवी, हे कागदावर कधीचं लिहिलेलं आहे. राग आहे तो वरच्या मजल्यावर काचेच्या केबिनीत बसणाऱ्यांवर. पट्ट्याला पगार नाही, रजा नाही, पीएफ नाही, म्हणून तुम्ही पट्टे घेतलेत. पट्टा वाईट नाही हो, रात्री श्वास वाढला तर तो माणसाच्या आधी सांगेल. पण सांगितल्यावर उठून जायला कुणी ठेवलंय का तुम्ही? 'रिमोट मॉनिटरिंग' म्हणून रोजचे पैसे लावता, तर मॉनिटर करा! नाडी नसलेल्या माणसाचे तरी लावू नका. त्या दिवसाचा चार्ज आधी बिलातून काढा, मग कार्ड स्वाइप करतो.